परराज्यातून घेतलेली ऑफ-रोड गाडी: टॅक्स कुठे भरायचा, स्टिकर कसा मिळवायचा

कॅलिफोर्नियात राहायचं आणि साइड-बाय-साइड (दोघं शेजारी-शेजारी बसतील अशी ऑफ-रोड गाडी) नेवाडातल्या डीलरकडून घ्यायची, वॉशिंग्टनमध्ये राहून ओरेगनमधली डर्ट बाइक आणायची, मॅसॅच्युसेट्सहून न्यू हॅम्पशायरला जाऊन एटीव्ही (हँडलवर चालणारी ऑफ-रोड चारचाकी, तिलाच क्वाड म्हणतात) उचलायची. अमेरिकेत हे नेहमीचं आहे. शेजारच्या राज्यात हवं ते मॉडेल मिळतं, भावही थोडा उतरतो. शनिवारी गाडी ट्रेलरवर चढते आणि पुढच्या आठवड्यात डीएमव्हीच्या, म्हणजे राज्याच्या वाहन खात्याच्या, खिडकीवर सगळं अडतं. अडण्याची कारणं बहुतेक दोनच असतात: टॅक्स भरल्याचा नीट पुरावा नाही, किंवा मालकीचा कागद अर्धवट आहे. दोन्ही गोष्टी विकणाऱ्याच्या अंगणात, गाडी बांधण्याआधी निस्तरता येतात. घरी परतल्यावर त्याच कामाला महिने लागू शकतात.

भारतात दुसऱ्या राज्याची गाडी आणताना आरटीओची एनओसी लागते, तसली एनओसी इथे नसते. जुन्या राज्याची परवानगी कोणी विचारत नाही. विकणाऱ्याने सही केलेलं टायटल, म्हणजे मालकीचा कागद, हाच सगळा आधार. म्हणून त्या एका कागदाबाबत जितकं काटेकोर राहाल तितकं कमी.

टॅक्स कोणत्या राज्याचा?

गाडी कुठे वापरणार, यावर टॅक्स ठरतो. तुमच्या राज्यात सेल्स टॅक्स असेल आणि बाहेरून आणलेल्या वस्तूवर तो भरलेला नसेल, तर त्याच दराने ‘यूज टॅक्स’ भरावा लागतो. आपल्याकडच्या जुन्या जकातीची आठवण यावी असाच प्रकार, फक्त नाक्यावर कोणी अडवत नाही. रजिस्ट्रेशनच्या वेळी डीएमव्ही वसूल करते. ही पद्धत आजकालची नाही. वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या दोन्ही राज्यांनी यूज टॅक्स १९३५ मध्ये आणला. ग्रँड कूली धरणाच्या कामासाठी वॉशिंग्टनमध्ये बाहेरून यंत्रसामग्री आणणाऱ्या कंत्राटदारांनी त्याला आव्हान दिलं होतं. १९३७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कर वैध ठरवला. तेव्हा ‘हे कायद्याला धरून आहे का?’ हा वाद खिडकीवर घालण्यात अर्थ नाही.

अलास्का, डेलावेअर, मोंटाना, न्यू हॅम्पशायर आणि ओरेगन या पाच राज्यांत राज्यपातळीवरचा सेल्स टॅक्स नाही. ओरेगनच्या डीलरने बिलात टॅक्स लावला नाही म्हणून कॅलिफोर्नियातल्या ग्राहकाचा टॅक्स वाचला असं होत नाही. तो फक्त पुढे ढकलला गेला. वॉशिंग्टन, पेनसिल्व्हेनिया, मॅसॅच्युसेट्स या राज्यांना अशा शेजाऱ्यांची सवय आहे आणि त्यांचे कारकून तिकडच्या बिलांना चांगलेच सरावलेले असतात.

दर कोणता लागू होतो, हेही लक्षात घ्या. बहुतेक ठिकाणी तुमच्या पत्त्याचा दर धरला जातो, डीलरच्या गावाचा नाही. कॅलिफोर्नियात किमान ७.२५ टक्के, त्यावर जिल्ह्यांचे स्थानिक कर. काही शहरांत एकूण १० टक्क्यांच्या वर जातो. मिशिगन आणि आयडाहोत ६ टक्के. टेक्ससमध्ये ऑफ-रोड गाडीला मोटारगाड्यांचा ६.२५ टक्क्यांचा वेगळा कर न लागता साधा सेल्स टॅक्स लागतो, म्हणजे ६.२५ टक्के राज्याचे आणि त्यावर २ टक्क्यांपर्यंत स्थानिक. कार घेण्याच्या अनुभवावरून हिशेब केला तर टेक्ससमध्ये हमखास चुकतो.

दोनदा टॅक्स का भरावा लागत नाही, आणि कधी लागतो

डीलरने स्वतःच्या राज्याचा टॅक्स घेतला असेल तर तुमचं राज्य सहसा तेवढी वजावट देतं आणि फरक मागतं. समजा साइड-बाय-साइडची किंमत १८,००० डॉलर, फ्रेट आणि सेटअप (वाहतूक आणि जोडणी) १,५०० डॉलर, म्हणजे करपात्र रक्कम १९,५००. डीलरने ६.८५ टक्क्यांनी १,३३५.७५ डॉलर घेतले. तुमच्या पत्त्याचा दर ९.२५ टक्के असेल तर एकूण देणं होतं १,८०३.७५. डीएमव्हीत भरायचे ४६८ डॉलर. उलट डीलरकडचा दर तुमच्यापेक्षा जास्त असेल तर भरायचं काही नाही, पण जादा गेलेले पैसेही परत मिळत नाहीत.

इथली खरी मेख वेगळी आहे. वजावट मिळते ती त्या राज्याला कायद्याने देय असलेल्या टॅक्सची. काही राज्यांत बाहेरच्या ग्राहकाने गाडी लगेच राज्याबाहेर नेली तर टॅक्स माफ असतो, त्यासाठी डीलरकडे एक प्रतिज्ञापत्र भरायचं असतं. काही राज्यांत ही माफी रस्त्यावरच्या गाड्यांना मिळते आणि ऑफ-रोडला मिळत नाही. माफी असताना डीलरने चुकून टॅक्स लावला, तर तुमचं राज्य म्हणू शकतं, ‘तो टॅक्स लागूच नव्हता, आमचा पूर्ण भरा.’ मग डीलरकडून परतावा मागत बसायचं. म्हणून सौदा ठरवतानाच डीलरला थेट विचारा: मी बाहेरच्या राज्यातला ग्राहक आहे, ऑफ-रोड गाडीवर तुम्ही मला टॅक्स लावणार का, कोणत्या राज्याचा, आणि कोणत्या फॉर्मवर? उत्तर ईमेलवर घ्या.

तिसरी शक्यता: डीलर तुमच्याच राज्याचा टॅक्स घेतो. जून २०१८ मध्ये साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर या खटल्याच्या निकालानंतर, ज्या राज्यात दुकान नाही तिथलाही टॅक्स विक्रेत्याकडून वसूल करून घ्यायला राज्यांना मोकळीक मिळाली. त्यामुळे गाडी घरपोच पाठवणारे मोठे डीलर हल्ली ग्राहकाच्या राज्याचा टॅक्स लावतात. अशा वेळी त्या डीलरकडे तुमच्या राज्याचं टॅक्स खातं आहे ना, हे बघा आणि तो नोंदणी क्रमांक बिलावर छापून घ्या. कॅलिफोर्नियाचा टॅक्स घेणाऱ्या बाहेरच्या डीलरकडे तिथल्या कर खात्याचं, म्हणजे सीडीटीएफएचं, यूज टॅक्स नोंदणी प्रमाणपत्र असायला हवं. खातं नसलेल्या डीलरने घेतलेला ‘तुमच्या राज्याचा टॅक्स’ सरकारपर्यंत पोचला याचा काहीच पुरावा उरत नाही.

बिलात काय काय करपात्र धरलं जातं, यावरही पैसे हलतात. गाडीची किंमत, डीलरची डॉक फी (कागदपत्रांची फी), फ्रेट, सेटअप, बसवून दिलेले विंच, छप्पर, विंडशील्ड हे सारं साधारणपणे करपात्र. कंपनीची रिबेट टॅक्स लावल्यानंतर वजा होते, असं बहुतेक राज्यांत आहे. ऐच्छिक वाढीव वॉरंटी कॅलिफोर्नियात करपात्र नाही, काही राज्यांत आहे. कर्जाचं व्याज आणि विमा करपात्र नाही. हे सगळं एकाच ठोक आकड्यात आलं तर खिडकीवरचा माणूस पूर्ण आकड्यावर टॅक्स लावेल, आणि त्यात त्याची चूक नाही. प्रत्येक बाब वेगळ्या ओळीत लिहून घ्या.

जुनी गाडी बदल्यात दिली तर? बऱ्याच राज्यांत तिची किंमत वजा करून उरलेल्यावर टॅक्स लागतो. कॅलिफोर्नियात तशी वजावट नाही. २०,००० ची गाडी, ६,००० ची जुनी बदल्यात, हातात पडला १४,००० चा करार. पण टॅक्स मात्र २०,००० वर.

खासगी विक्रेत्याकडून घेताना

ॲरिझोना आणि नेवाडात दोन खासगी माणसांमधल्या व्यवहारावर टॅक्स नाही. तिथला विक्रेता प्रामाणिकपणे सांगतो, ‘इथे टॅक्स लागत नाही.’ ते त्याच्या राज्यापुरतं खरं. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, मिशिगन अशा राज्यांत तुम्ही ती गाडी नोंदवायला गेलात की पूर्ण यूज टॅक्स लागतोच.

बिलावर किंमत कमी दाखवायचा मोह होतो. विक्रेताही ‘किती लिहू?’ म्हणून हसत विचारतो. खोटी किंमत लिहिणं हा गुन्हा तर आहेच, शिवाय फायदाही बेताचा. वॉशिंग्टन आणि मिशिगन बाजारभाव बघतात. आठ हजारांची क्वाड पंधराशेला दाखवली तर टॅक्स बाजारभावावर लागतो किंवा खुलासा मागतात. गाडी खरंच मोडकी म्हणून स्वस्त मिळाली असेल तर तुटलेल्या भागांचे फोटो, दुरुस्तीचा लेखी अंदाज आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. खरी कमी किंमत अशीच सिद्ध होते.

नात्यातल्या व्यवहाराला सूट असते, पण नात्याची व्याख्या राज्याची, आपली नाही. कॅलिफोर्नियात आई-वडील, मुलं, नवरा-बायको, आजी-आजोबा, नातवंडं यांच्यातल्या खरेदीला यूज टॅक्स माफ आहे. सख्ख्या भावंडांना मात्र दोघंही १८ वर्षांखालची असतील तरच. चुलतभाऊ, मेहुणा, साडू यांना काहीच नाही. खरीखुरी भेट असेल तर टॅक्स नाही, पण मागे राहिलेलं कर्ज तुम्ही फेडणार असाल तर ती भेट राहत नाही. यासाठी तिथे रेग २५६ हा फॉर्म भरायचा असतो.

टायटल, रजिस्ट्रेशन आणि परमिट: तीन वेगळ्या वस्तू

अर्ध्याहून अधिक गोंधळ इथेच होतो, कारण तिन्हीला लोक ‘रजिस्ट्रेशन’ म्हणतात. टायटल म्हणजे मालकी. रजिस्ट्रेशन म्हणजे राज्याने गाडीला दिलेली ओळख, तिचा स्टिकर किंवा प्लेट. परमिट म्हणजे अमुक जमिनीवर किंवा ट्रेलवर चालवायची मुभा. एक असलं म्हणजे बाकीची दोन आली असं नाही, आणि तिन्ही देणारी कार्यालयंही वेगळी असू शकतात.

मिशिगनमध्ये टायटल सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे (तिथे डीएमव्हीचं काम हेच कार्यालय करतं), आणि ओआरव्ही, म्हणजे ऑफ-रोड गाडीचं, लायसन्स नैसर्गिक संसाधन खात्याकडून, लायसन्स २६.२५ डॉलर, ट्रेल परमिट त्यावर १० डॉलर, वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. पेनसिल्व्हेनियात एटीव्हीची नोंदणी डीसीएनआर, म्हणजे तिथलं संवर्धन आणि नैसर्गिक संसाधन खातं, करतं. विस्कॉन्सिन आणि मिनेसोटातही ते काम नैसर्गिक संसाधन खात्याचंच. मॅसॅच्युसेट्समध्ये पर्यावरण पोलीस. कोलोरॅडोत नोंदणी उद्यान आणि वन्यजीव खात्याकडे. टेक्सस टायटल देतं, पण ऑफ-रोड गाडीची रस्त्यासाठी नोंदणी करत नाही. सार्वजनिक जागेत चालवायला उद्यान खात्याचा १६ डॉलरचा वार्षिक स्टिकर घ्यावा लागतो. ॲरिझोनात टायटल लागतं आणि मोकळ्या रानात चालवायला २५ डॉलरचा वार्षिक डिकल, म्हणजे स्टिकर. ओरेगनमध्ये गाडीच्या वर्गाप्रमाणे एटीव्ही परमिट: वर्ग १ क्वाड, २ जीपसारख्या फोर-बाय-फोर, ३ डर्ट बाइक, ४ साइड-बाय-साइड. तुमचं राज्य यात नसेल तर त्याच्या डीएमव्हीच्या आणि उद्यान किंवा निसर्ग खात्याच्या अशा दोन्ही पानांवर बघा. एकच पान वाचून निघालात तर अर्धं काम राहणार.

गाडी बांधण्याआधी हातात काय हवं

नव्या गाडीला टायटल नसतं. तिच्यासोबत उत्पादकाचं मूळ प्रमाणपत्र येतं, डीलर त्याला एमएसओ किंवा एमसीओ म्हणतात. त्याच्या मागच्या बाजूला डीलरने तुमच्या नावाने हस्तांतर भरलेलं, सही केलेलं आणि डीलर क्रमांक घातलेला हवा. कर्जावर घेतली असेल तर हा कागद सहसा थेट बँकेला जातो. मग तुमच्या राज्यात कागद कोण सादर करणार, डीलर, बँक की तुम्ही, हे लेखी ठरवून घ्या. ‘आम्ही पाठवतो’ एवढ्यावर निघालात तर कागद नेमका कोणाच्या टेबलावर अडकला आहे ते शोधत फिरावं लागतं.

जुन्या गाडीच्या टायटलवर पुढच्या गोष्टी तिथल्या तिथे तपासा:

- विक्रेत्याचं नाव आणि त्याच्या ओळखपत्रावरचं नाव एकच आहे का. नसेल तर तो मधला दलाल आहे आणि टायटल त्याने स्वतःच्या नावावर केलेलंच नाही. अशी उडी मारलेली टायटलं घेऊ नका.
- दोन मालक असतील तर मध्ये ‘अँड’ आहे की ‘ऑर’. कॅलिफोर्नियात ‘अँड’ असेल तर दोघांच्या सह्या लागतात, ‘ऑर’ असेल तर एकाची पुरते.
- कर्ज देणाऱ्याचं नाव छापलेलं असेल तर त्याचं मुक्तिपत्र. ‘कर्ज कधीच फिटलं’ हे तोंडी चालत नाही.
- नोटरी. ॲरिझोना, मोंटाना, वायोमिंग, ओहायो, पेनसिल्व्हेनिया या राज्यांच्या टायटलवर विक्रेत्याची सही नोटरीसमोर झालेली असावी लागते. रविवारी सौदा करणाऱ्यांचं इथे अडतं, कारण बँकेतला नोटरी सुट्टीवर असतो. नोटरीची वेळ आधी ठरवा आणि पैसे तिथेच द्या.
- खाडाखोड. एक आकडा खोडून वर लिहिला तरी अनेक कार्यालयं टायटल बाद समजतात आणि वेगळं निवेदन मागतात. टायटल सावकाश, एकाच पेनाने भरा.

काही राज्यांत जुन्या डर्ट बाइक आणि क्वाडना टायटल कधी काढलेलंच नसतं. तेव्हा जुनं रजिस्ट्रेशन, मूळ डीलर बिल आणि मधल्या प्रत्येक मालकाचं विक्रीपत्र अशी साखळी लागते. टायटल हरवलं असेल तर दुय्यम प्रत विक्रेत्यानेच त्याच्या राज्यातून काढायची. तुम्हाला ती मिळणार नाही. ‘आत्ता घेऊन जा, कागद पोस्टाने पाठवतो’ म्हणणाऱ्याला बयाणा द्या, पूर्ण पैसे नकोत. कागद मिळालेच नाहीत तर शेवटचा उपाय म्हणजे बाँड. कॅलिफोर्नियात गाडीची किंमत ५,००० डॉलर किंवा जास्त असेल तर मालकीसाठी असा जामीन-बाँड मागितला जातो.

विक्रीपत्र वेगळं करा, टायटलवर किंमत लिहिलेली असली तरी. त्यात तारीख, किंमत, वर्ष-मेक-मॉडेल, पूर्ण व्हिन नंबर (आपल्याकडचा चेसिस नंबर), दोघांची नावं, पत्ते, सह्या आणि ‘केवळ ऑफ-रोड’ हे शब्द. ट्रेलरसह सौदा असेल तर दोन वेगळी विक्रीपत्रं आणि दोन वेगळ्या किमती. ट्रेलर ही स्वतंत्र गाडी आहे, तिला स्वतःचं टायटल आणि प्लेट लागते. वरची क्वाड रस्त्याला टेकत नाही म्हणून तिला तात्पुरतं परमिट लागत नाही, पण खालच्या ट्रेलरला लागतं. विक्रेत्याने प्लेट काढून घेतली असेल तर त्याच्या राज्यातून प्रवासापुरतं परमिट काढा. पोलीस थांबवतात ते ट्रेलरला.

व्हिन नंबर कागदाशी अक्षर अन् अक्षर ताडून बघा. डर्ट बाइकवर तो हँडलच्या खांबाजवळ फ्रेमवर कोरलेला असतो. क्वाड आणि साइड-बाय-साइडवर कंपनीप्रमाणे पुढच्या किंवा चाकाजवळच्या फ्रेमच्या नळीवर. चिखल आणि पावडर कोटिंगने तो बुजतो, म्हणून सोबत तारेचा ब्रश, कापड आणि टॉर्च ठेवा. आकडे घासलेले, पुन्हा ठोकलेले किंवा फ्रेम बदललेली दिसली तर सौदा तिथेच सोडा. एनआयसीबी या विमा-गुन्हे रोखणाऱ्या संस्थेच्या व्हिनचेकवर चोरी आणि सॅल्व्हेजची (भंगारात काढल्याची) नोंद फुकट बघता येते. इंजिन नंबरचाही फोटो काढा. बाइकच्या तपासणीत तो विचारला जातो.

कॅलिफोर्नियाची वेगळी अडचण

बाकी राज्यांत टॅक्स, टायटल आणि नोंदणी-परमिट झालं की काम बहुतेक संपतं. इथे प्रदूषणाचा चाप आहे. २००३ ते २०२१ मॉडेलच्या ज्या गाड्या एअर रिसोर्सेस बोर्डाच्या निकषात बसत नव्हत्या त्यांना लाल स्टिकर मिळे, बसणाऱ्यांना हिरवा. २०२२ मॉडेलपासून लाल स्टिकरची सोय बंद झाली. म्हणजे नेवाडा किंवा ॲरिझोनाच्या दुकानात मिळणारी नवी मोटोक्रॉस बाइक तिथे सर्रास विकली जाते, पण कॅलिफोर्नियात तिला हिरवा स्टिकर मिळत नाही. जुन्या बाइकची ओळख सोपी: व्हिन नंबरचं आठवं अक्षर ३ किंवा सी असेल तर ती लाल स्टिकरवाली. नवी घेताना फ्रेमवरचं उत्सर्जनाचं लेबल वाचा. त्यावर कॅलिफोर्नियाचा उल्लेख नसेल किंवा ‘केवळ स्पर्धेसाठी’ असं लिहिलेलं असेल तर डीलरच्या बोलण्यावर विसंबू नका.

ॲरिझोना आणि युटामध्ये आरसे, हॉर्न, दिवे लावून साइड-बाय-साइडला रस्त्याची प्लेट मिळते. अशी प्लेटवाली गाडी बघून ‘मग घराजवळच्या रस्त्यावरही चालेल’ असं समजून लोक जास्त पैसे मोजतात. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला ती रस्त्यासाठी नोंदवून मिळत नाही. त्या किटचे पैसे देऊ नका.

कॅलिफोर्नियाचा अर्ज असा: रेग ३४३ भरलेला, टायटल किंवा एमएसओ, विक्रीपत्र, डीलरचं बिल आणि टॅक्सची पावती, शिवाय रेग ३१, म्हणजे गाडी प्रत्यक्ष बघून व्हिन नंबर पडताळल्याचा फॉर्म. ती पडताळणी डीएमव्हीचा कर्मचारी, हायवे पेट्रोल किंवा परवानाधारक खासगी पडताळणीकार करतो. गाडी ट्रेलरवरच राहू दे, पण व्हिन नंबर दिसेल अशा दिशेने चढवा. पट्ट्याखाली नंबर झाकला गेला म्हणून भर पार्किंगमध्ये गाडी उतरवावी लागते. अपॉइंटमेंट घ्या, आणि कागदांची एक पूर्ण झेरॉक्स घरी ठेवा, कारण मूळ टायटल ते ठेवून घेतात. स्टिकर दोन वर्षांचा असतो आणि ठरलेल्या जागी लावावा लागतो. स्टिकर असला तरी ट्रेलवर स्पार्क अरेस्टर (सायलेन्सरमधून उडणाऱ्या ठिणग्या अडवणारी जाळी) लागतोच, आणि १९८६ पासून पुढे बनलेल्या गाडीचा आवाज ९६ डेसिबलच्या आत हवा. जुन्या गाडीसोबत रिकामा पाइप आला असेल तर मूळ सायलेन्सर विक्रेत्याकडून मागून घ्या.

मुदत आणि पळवाटा

मुदत खरेदीच्या तारखेपासून मोजतात, तुम्हाला वेळ मिळाल्यापासून नाही. वॉशिंग्टन आणि ॲरिझोनात मालकी बदलाचा अर्ज १५ दिवसांत करायचा असतो, त्यानंतर दंड. टायटल यायला उशीर झाला असेल तर नुसतं बसून राहू नका. आहे त्या कागदांवर जाऊन फी आणि टॅक्स भरून ठेवा. अनेक कार्यालयं पैसे घेतात आणि फाइल अपुरी म्हणून उघडी ठेवतात. दंड मात्र तिथे थांबतो.

मोंटानात एलएलसी, म्हणजे एक छोटी कंपनी, काढून तिच्या नावावर गाडी घ्यायची, म्हणजे टॅक्स नाही, अशी जाहिरात कायम दिसते. गाडी तुमच्याच राज्यात, तुमच्याच गॅरेजमध्ये, तुम्हीच चालवणार असाल तर टॅक्स तुमच्या राज्याला देय आहे. एलएलसीने ते बदलत नाही. कर खात्यांना ही युक्ती पाठ आहे आणि पकडलं तर टॅक्स, व्याज, दंड असं सगळं एकदम येतं.

मात्र गाडी खरोखरच बाहेर राहणार असेल, म्हणजे युटातल्या केबिनवर ठेवून तिथेच चालवायची असेल, तर गोष्ट वेगळी. कॅलिफोर्नियाचा नियम क्रमांक १६२० सांगतो की बाहेर घेऊन तिथेच प्रथम वापरलेली गाडी १२ महिन्यांच्या आत राज्यात आणली तर ती इथल्या वापरासाठीच घेतली असं गृहीत धरलं जाईल. गृहीतक खोडून काढायचं काम तुमचं. त्या वर्षभरात एका वीकेंडसाठीही ती घरी आणू नका. गोदामाचं भाडं, पेट्रोलच्या पावत्या, तिकडचं ट्रेल परमिट आणि दुरुस्तीची बिलं तारखेसह ठेवा. त्या राज्याचा टॅक्स आणि नोंदणी अर्थातच तिथे भरायची.

काही राज्यांत डीएमव्ही टॅक्स घेत नाही. आधी कर खात्याची क्लिअरन्स आणा, मग रजिस्ट्रेशन, असा क्रम असतो. तिथे उलट क्रमाने गेलात तर दोन फेऱ्या होतात. माफीचा दावा असेल तेव्हा कॅलिफोर्नियातही सीडीटीएफएकडून १११ क्रमांकाचं क्लिअरन्स प्रमाणपत्र आणावं लागू शकतं.

सेल्स टॅक्सची पावती डीएमव्हीनंतरही फेकू नका. फेडरल इन्कम टॅक्समध्ये शेड्यूल ए (एकेक वजावट दाखवायचा फॉर्म) भरणारे राज्याच्या इन्कम टॅक्सऐवजी सेल्स टॅक्सची वजावट निवडू शकतात. आयआरएसच्या, म्हणजे फेडरल कर खात्याच्या, ठरावीक तक्त्यातला आकडा घेतला तरी मोटार वाहनावर भरलेला टॅक्स त्यात वेगळा मिळवता येतो, आणि त्या यादीत ऑफ-रोड गाडीचं नाव स्पष्ट आहे. स्थानिक करांच्या एकूण वजावटीची मर्यादा त्यावर लागू राहते, पण टेक्सस किंवा वॉशिंग्टनसारख्या, पगारावर राज्याचा इन्कम टॅक्स नसलेल्या ठिकाणी राहणाऱ्यांनी हा आकडा त्या वर्षीच्या रिटर्नमध्ये जरूर घालावा. डीलरकडचा टॅक्स आणि डीएमव्हीतला फरक अशा दोन पावत्या असतील तर दोन्ही जोडून धरा.